धोंड्याच्या महिन्यातली गळाची काठी

गळ्यातली माळ आधी पदराखाली सरकवली आणि मगच दुकानाची पायरी चढले. जळगावच्या बाजारातलं जाळी, दोऱ्या, ताडपत्र्या विकणारं दुकान ते. केळीला बांधायची दोरी घ्यायला आमचे हे त्याच्याच शेजारच्या दुकानात येतात, म्हणून मागे वळून पाहिलं, ओळखीचं कोणी नाही ना. दारूच्या दुकानात शिरताना एखाद्याची जी गत होत असेल ती माझी झाली होती. बाहेर ऊन मरणाचं, पण मला घाम सुटला होता तो उन्हानं नाही.

"गळाची काठी दाखवा," मी म्हणाले. इतक्या हळू, की दुकानदारानं परत विचारलं.

"काय म्हणालात काकू? चाळणी?"

"गळाची काठी हो! मासे धरायची!" आता एवढ्या मोठ्यानं निघालं, की ताडपत्री मोजणारा गडी थांबून बघायला लागला. कर्म माझं.

आमचं घर माळकरी. मुक्ताईनगरच्या बाजूला, धरणाचं पाणी जिथं फुगून शेतांच्या बांधापर्यंत येतं, त्या काठावर आमच्या केळीच्या बागा. पाणी एवढं जवळ, पण त्यातल्या मासळीचा नि आमचा संबंध नाही. सासऱ्यांच्या गळ्यात माळ, ह्यांच्या गळ्यात माळ, लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्याही गळ्यात पडली. मासे-मटण तर सोडाच, ज्या घरात ते शिजतं तिथलं पाणीही आम्ही घेत नाही. कोणी आग्रह केला तर "उपास आहे" म्हणायचं आणि उठायचं. इतकी वर्षं ह्यात मला काही जड गेलं नाही. जड गेलं ते लेकीचं लग्न झाल्यावर.

एकुलती एक लेक. धुळ्याला नोकरीला गेली आणि तिथलाच मुलगा पसंत करून आली. तेलगिरणीत फिटर. सरळ, निर्व्यसनी, बोलायला गोड. खोट काढायला गेलं तर एकच, घरात मासळी शिजते आणि हा गडी रविवार उजाडला की तलावावर गळ टाकून बसतो. ह्यांनी महिनाभर तोंड फिरवून घेतलं. शेवटी मांडव घालून, चार लोकांना बोलावून लग्न लावून दिलं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन. मोठं कसलं? त्या लग्नाला दोन वर्षं झाली, तरी आम्ही दोघांनी लेकीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. ती यायची, राहायची, जाताना म्हणायची, "आई, ये ना एकदा." मी म्हणायची, "गुडघे बरे होऊ दे." माझ्या गुडघ्यांना काय धाड भरली होती? ह्याच गुडघ्यांनी मी अख्खी बाग पालथी घालते.

यंदा अधिक महिना आला. भर उन्हाळ्यात आला. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण आणि वाण द्यायलाच हवं. मी लेकीला फोन लावला आणि मोठ्या हौसेनं विचारलं, "जावईबापूंना काय देऊ गं? अंगठी करू का?"

ती म्हणाली, "खरं सांगू? अंगठी घालून मशीनवर काम करता येत नही त्यांना. त्यांची बांबूची काठी मोडली. त्यांना गळाची चांगली काठी घ्यायची हाये कधीची. पण ते तुमच्याच्यानं होणार नही. द्या टॉवेल-टोपी अन् व्हा मोकळे."

"मोकळे व्हा म्हणजे?"

"म्हणजे तेच. पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, देव म्हणायचं. अन् त्याच देवाच्या घरचं पाणी चालत नही म्हणायचं. आई, नुसता मान द्यायचा असंन तर मी नही आणत त्यांना. ते येतील बिचारे, कोणाला नाही म्हणत नहीत. मलेच नही पाहवत आता."

माझं डोकंच फिरलं. राग तिचा आला की माझा, ते तेव्हा कळलं नाही. "काठी पाह्यजे ना? काठीच देते! ये घेऊन," असं म्हणून मी फोन आपटला. आणि मग चुलीपुढे बसून राहिले. माझी लेक मला सांगत होती की आता नाही तर परत कधी नाही. ते न कळण्याइतकी मी काही भोळी नव्हते.

तर ते दुकान. दुकानदार बोलका होता. त्यानं कोपऱ्यातून काठ्या काढून काचेवर मांडल्या. एक घडीची, दुर्बिणीसारखी बाहेर ओढायची. ती त्यानं स्वतःच बाजूला सारली, "ही नुसती दिसायला." एक परदेशी, लांबसडक, किंमत ऐकूनच मी हात मागे घेतला. राहिल्या दोन. दोन्ही काळ्या, दोन्ही दोन तुकड्यांच्या, मधे जोड. दोन्ही माझ्या घरखर्चातून वाचवलेल्या पैशात बसणाऱ्या, फरक म्हणावा तर एखाद्या साध्या साडीच्या किमतीचा.

"ह्याला बास रॉड म्हणतात काकू," त्यातली जाड बुडाची काठी उचलून तो म्हणाला. "बास म्हणजे तिकडचा मासा. आपल्याकडे तो नाही, पण आपली मरळ तशीच भांडखोर. पोरं मरळसाठी हाच नेतात. बघा, वाकवा. घाबरू नका, वाकवा."

मी वाकवली. हातात जिवंत काही धरल्यासारखं वाटलं आणि मी पटकन खाली ठेवली. "आणि ही दुसरी?"

"ही हलकी. बारक्या माशांना ठीक. मोठा मासा लागला तर जोडातून मोडंल. घेऊ नका. थोड्याशा पैशांपायी कशाला मन छोटं करता?"

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. मला वाटलं, मोडणारी काठी दिली तर मोठे मासे वाचतील. जावयाची हौस पुरी होईल, लेकीचं मन राहील आणि माझ्या माथ्यावर पाप येईल ते बारकं येईल. देवाशी मी भाजीवालीशी करते तशी घासाघीस करत होते, तीही अधिक महिन्यात.

"म्हणजे हिनं मोठे मासे निघायचे नाहीत?"

"नाहीच निघायचे."

"मग हीच द्या."

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं. पैसे घेताना पदर सरकला आणि त्याला माळ दिसली. "काकू, माळकरी ना तुम्ही?"

"जावयाला द्यायचीये. धोंड्याची."

"अरे देवा," तो म्हणाला आणि हसला. वाईट नाही हसला. पण मला तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी आले तर हे ओट्यावरच. काठी कापडी खोळीत होती. "छत्री काऊन आणली? घरात दोन पडेल हायेत," हे म्हणाले.

"छत्री जावईबापूंना," मी म्हणाले. जन्मात ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते असं नाही, साखर संपली नाही म्हणून सांगितलंय, साडीची किंमत कमी सांगितलीय. पण अधिक महिन्यात, हातात गळाची काठी धरून, छत्री म्हणून सांगणं म्हणजे काय बाई! रात्री देवापुढे दिवा लावताना मी तोंड वर केलं नाही.

धोंड्याच्या दिवशी दोघं आली. लेकीचं तोंड घट्ट होतं, पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसली. मी पुरणाचे धोंडे केले, अनारसे ताटात रचले, वर दिवा ठेवला. जावईबापूंना पाटावर बसवलं, पाय धुतले. ते लाजून पाय मागे घेत होते. "मामी, राहू द्या ना," म्हणत होते. मग मी ती खोळ त्यांच्या हातात ठेवली.

खोळ उघडली तसा त्या माणसाचा चेहरा असा फुलला, की मी बघतच राहिले. पोरगंच झालं त्यांचं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत तिनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. डोळे भरले होते तिचे. जावईबापूंनी दोन तुकडे जोडले, काठी हातात तोलली, टोक हळूच वाकवलं. जोडावर बोट ठेवून क्षणभर थांबले. मग म्हणाले, "फर्स्ट क्लास आहे मामी." आणि वाकून माझ्या पाया पडले.

ह्यांनी काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांसोबत जेवायला बसले. जेवण अर्धं टाकून बागेत निघून गेले. जाताना दारात फक्त एवढंच म्हणाले, "छत्री म्हणे." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ऊन उतरल्यावर लेक म्हणाली, "आई, पाण्यावर येतेस आमच्यासोबत?" नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. पहिल्यांदा मी मासे धरायला निघालेल्या माणसामागून चालले. काठावर बाभळीखाली बसले, पाण्याकडे पाठ करून. लेक हसली. "अगं, मागं वळून बसलीस तर देवाले दिसत नही का?" किती दिवसांनी ती मला अशी चिडवत होती! मला इतकं बरं वाटत होतं, की त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायला लागली.

मग काहीतरी कडाडलं. मी वळले. मरळ लागली होती, मोठी असावी, कारण काठी जोडापासून मोडून पुढचा तुकडा पाण्यावर नाचत होता. जावईबापूंनी तंगूस, गळाची ती नायलॉनची बारीक दोरी, हातात धरून पाहिला, तो हात कापत सुटला आणि तटकन तुटला. काठीचा तुकडा तरंगत राहिला. मासा गेला.

मला, खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. सुटली बिचारी, मनात म्हणाले. माझा हिशोब बरोबर निघाला.

पण जावईबापू कपड्यानिशी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले, हातानं पाणी चाचपत तुटलेला तंगूस शोधत राहिले. लेक ओरडत होती, "अहो, चिखल हाये, या बाहेर!" आले तेव्हा तोंड उतरलेलं. हाताला तंगूस कापल्याची लाल रेघ.

"जाऊ द्या ना बापू," मी म्हणाले. "सुटली तर सुटली. जगेल आता."

"नाही जगत मामी," ते म्हणाले. "गळ तोंडात घेऊन गेली. वर तंगूस लोंबतोय. कुठं तरी झुडपात अडकंल, नाहीतर खाता न आल्यानं झिजून झिजून मरंल. मी मासा धरला की एका दणक्यात संपवतो, हाल नाही करत. असं नको व्हायला पाहिजे होतं." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून घाईनं म्हणाले, "तुमची काठी चांगली होती. मन्हीच चूक शे. मी जोर जास्त लावला."

जोर जास्त लावला म्हणे. पाच माणसांत मान खाली घालावी लागली असती तर मी घातली असती, पण हा माणूस माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होता आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. रात्री ते जेवले नाहीत. पोट भरलंय म्हणाले. मासे मारणारा माणूस एका मासळीच्या हालापायी उपाशी झोपला, आणि ती मरळ गळ घेऊन जाईल अशी सोय करणारी माळकरीण पुरणाचं जेवून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी निघताना लेकीनं मला घट्ट मिठी मारली. "तू पाण्यापर्यंत आलीस ना, मले लय झालं," म्हणाली. ती बोलत होती आणि मला वाटत होतं, सोड गं बाई, मी त्या लायकीची नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. बागेत पाणी द्यायला गेले की नजर त्या फुगलेल्या पाण्यावर जायची. कुठं असेल ती? ह्यांना एकदा सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ओरडतील. हे बराच वेळ पायातला चिखल काडीनं काढत बसले. मग म्हणाले, "द्यायची नव्हती तर द्यायची नव्हती. पण दिली तर नीट द्यायची होती." एवढंच. आणि मला कळलं, की हे माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

मग मी परत त्या दुकानात गेले. ह्या वेळी माळ झाकली नाही. दुकानदारानं ओळखलं, बोलला काही नाही. मी ती जाड बुडाची बास रॉड मागितली. "मोडायची नाही ना?" "नाही मोडायची काकू." पैसे मोजून दिले. आता जे काही त्या काठीनं पाण्याबाहेर येईल, लहान-मोठं सगळं, ते माझ्या नावावर. पहिली काठी घेताना मी पाप चुकवायला बघत होते. दुसरी घेताना ते डोळे उघडे ठेवून पदरात घेतलं. ह्यातलं कमी वाईट कोणतं, ते मला अजून सांगता येत नाही.

तिथूनच धुळ्याची एसटी धरली. लेकीला कळवलं नव्हतं, तिच्या सुट्टीचा वार तेवढा साधला होता. दार उघडलं तर ती आतच उभी, ओल्या हातानं. "आई?" म्हणाली आणि माझ्या मागे पाहिलं, कोणी गेलं की काय ह्या भीतीनं. आई लेकीच्या घरी आली तर लेकीला आधी कोणाचं तरी मरण आठवावं, अशी आई मी.

जावईबापू गिरणीत गेले होते. मी काठी भिंतीला टेकवली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. दुकानदारानं नको म्हणून सांगितलं होतं, मी मुद्दाम मोडणारी घेतली, मोठे मासे वाचावेत म्हणून. सांगताना रडू आलं. लेक ऐकत होती.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "हातात घेतली तेव्हाच कळलं होतं त्यांना, की जोडात दम नही."

"मग बोलले काऊन नही? वापरली कशाले?"

"म्हणे, माळ घालून ती बाई त्या दुकानात उभी राह्यली, अन् तिनं आणलेल्या वस्तूत मी खोड काढू? नही वापरली तर तिले वाटंन मले आवडली नही."

लेकीनं डोळे पुसले माझे, तिच्या ओढणीनं. मग एकदम उठली. स्टूल ओढलं, माळ्यावर हात घातला आणि जुन्या साडीत बांधलेलं एक गाठोडं खाली काढलं. जमिनीवर ठेवून सोडलं. आत एक ताट, दोन वाट्या, तांब्या-भांडं, एक तवा, एक छोटी कढई, एक पोळपाट-लाटणं. सगळं कोरं. तव्यावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला.

"लग्न झालं त्याच महिन्यात घेतली होती," ती म्हणाली. "ह्याच्यात आमचं कधी काही शिजलं नही. दिवाळीले खाली काढते, घासते, परत बांधून ठेवते. त्यांना पण हात लावू देत नही. तू येशील म्हणून." आणि मग तिनं मला जे विचारलं ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ह्याच्यात चालंल ना आई तुले?"

मी फोनवर गुडघे दुखतात म्हणून सांगत होते, तेव्हा हे गाठोडं तिथं वर होतं.

खरं तर मी म्हणायला हवं होतं, बांध ते परत, तुमच्या ताटात वाढ मला. ते शब्द ओठांपर्यंत आले. आले आणि थांबले. इतक्या वर्षांची माळ ती, एका दुपारी कशी सुटणार? मी फक्त मान हलवली. चालेल म्हणाले.

तर तिला केवढा आनंद झाला! तव्याचा कागद नखानं खरवडला, मोरीत नेऊन तवा घासला, स्टोव्ह पुसून घेतला, कणीक वेगळ्या डब्यातून काढली. तोंडानं एकसारखी बडबड, शेजारीण कशी, पाणी कधी येतं, घरमालक कसा चिडका. लहानपणी शाळेतून आली की अशीच बडबडायची. तिच्याच घरात मी तिची भांडी बाटलेली ठरवून बसले होते आणि ती मला नव्या ताटात गरम पोळ्या वाढत होती. वाढून झाल्यावर ती स्वतःचं ताट घेऊन जरा लांब बसली. मी सांगितलं नव्हतं. ती आपणहून बसली.

"जवळ सरक," मी म्हणाले.

"राहू दे आई, तुले अवघड होईन."

मीच ताट उचललं आणि तिच्या ताटाला लावून बसले. पोट कधीच भरलं होतं, तरी मी अजून एक पोळी मागितली.